रक्ताची साक्ष आणि देहाचे बळ

वृद्ध रुग्ण मोठ्या दुखण्यातून उठेल की नाही, याचा अंदाज बांधण्याचे दोन मार्ग विसाव्या शतकात परस्परांपासून फार दूर निर्माण झाले. एक रक्तपरीक्षेतून निघाला, दुसरा उपेक्षित वृद्धांच्या शुश्रूषेतून.

पहिल्याचा आरंभ १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत झाला. न्यूमोनियाच्या रुग्णाचा रक्तरस न्यूमोकोकस जंतूतील एका विशिष्ट द्रव्याशी मिसळला असता साका बसतो आणि रोग उतरताच हा गुण लोपतो, असे विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना आढळले. याला कारण असलेले, दाह उत्पन्न होताच यकृतातून रक्तात उतरणारे ते द्रव्य म्हणजेच आजचे ‘सीआरपी’. त्याच्या प्रमाणावरून दाहाची तीव्रता कळते. परंतु तो दाह सोसणाऱ्या देहात बळ किती शिल्लक आहे, हे त्यावरून उमगत नाही.

ती उणीव दुसऱ्या मार्गाने भरून काढली. १९३५ साली लंडनजवळील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या निर्धनांच्या दवाखान्याचा ताबा आला, तेव्हा असाध्य ठरवून खाटेला खिळवून ठेवलेल्या शेकडो वृद्धांची डॉ. मार्जरी वॉरेन यांनी काळजीपूर्वक तपासणी केली, त्यांची वर्गवारी लावली आणि पुष्कळांना पुन्हा चालते करून घरी धाडले. वार्धक्य म्हणजे इलाज सोडून देण्याची सबब नव्हे, हा वृद्धांच्या वैद्यकशाखेचा पाया होय. त्याच परंपरेत २००५ साली कॅनडातील हॅलिफॅक्स येथे केनेथ रॉकवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बलतेची सात पायऱ्यांची, पुढे नऊ झालेली, श्रेणी सिद्ध केली. रुग्ण पंधरवड्यापूर्वी कसा चालत होता, बाजारहाट आणि स्नान स्वतः करीत होता काय, अशा साध्या प्रश्नांवर ती उभी आहे.

२०२० च्या कोरोना साथीत हे दोन्ही मार्ग एकाच खाटेपाशी आले. ब्रिटन व इटलीतील ११ रुग्णालयांतल्या १,५६४ रुग्णांच्या अभ्यासात, नुसते वय किंवा जुन्या व्याधी यांपेक्षा दुर्बलतेवरून परिणामाचे अनुमान अधिक नेमके बांधता येते, असे दिसून आले. मात्र त्याच वर्षीच्या मार्चमध्ये इंग्लंडात अतिदक्षता उपचारांच्या निर्णयासाठी या श्रेणीची शिफारस होताच अपंगांच्या हितरक्षकांनी हरकत घेतली, आणि पासष्ट वर्षांखालील अथवा दीर्घकालीन अपंगत्व असलेल्या व्यक्तींना ती लावू नये, असा खुलासा काही दिवसांतच करावा लागला.

त्या काळात महाराष्ट्रातही घरोघरी सीआरपीचे आकडे चर्चिले गेले. त्या आकड्याशेजारी रुग्णाच्या पूर्वस्थितीची नोंद केसपेपरावर अवश्य असावी. मात्र ती उपचार नाकारण्याचा दाखला म्हणून नव्हे, तर कोणाला अधिक आधार हवा, हे वेळीच कळावे म्हणून.