डॉ. एव्हलिन हूकर आणि दवाखान्याबाहेरची माणसे

एखाद्या गावाच्या आरोग्याची पाहणी करण्यास निघालेला मनुष्य केवळ तेथील रुग्णालयाच्या ओसरीवर बसला आणि आत येणाऱ्यांची मोजदाद करून परतला, तर त्याच्या वहीत सारे गाव आजारी ठरेल. ही चूक शाळकरी मुलासही कळण्याजोगी आहे. तथापि शास्त्राच्या इतिहासात अशा उघड चुका पुष्कळ वर्षे सन्मानाने नांदतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समलिंगी पुरुषांविषयी मानसशास्त्राने हीच चूक केली होती. ती प्रयोगाने दाखवून देणाऱ्या विदुषीचे नाव डॉ. एव्हलिन हूकर.

त्यांचा जन्म २ सप्टेंबर १९०७ रोजी अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील नॉर्थ प्लॅट या गावी झाला. नऊ भावंडांत त्या सहाव्या. घरची गरिबी, आईचे शिक्षण तिसऱ्या इयत्तेपर्यंतच झालेले. पण विद्या ही अशी मिळकत आहे की ती कोणी हिरावून नेऊ शकत नाही, हे त्या माउलीने मुलीच्या मनावर बिंबवले होते. कोलोरॅडो विद्यापीठातील शिक्षण आटोपल्यावर एव्हलिन यांना येल विद्यापीठात जावयाचे होते. परंतु स्त्रीची शिफारस करण्यास विभागप्रमुख तयार होईनात. अखेर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी १९३२ साली डॉक्टरेट मिळविली. दोनच वर्षांनी क्षयाने गाठले आणि कॅलिफोर्नियातील आरोग्यधामात दीर्घकाळ काढावा लागला. पुढे १९३७-३८ साली अभ्यासवृत्तीवर त्या बर्लिनला गेल्या असता एका ज्यू कुटुंबात राहिल्या. त्या कुटुंबातील माणसे नंतर छळछावण्यांत मारली गेल्याचे त्यांना युद्धानंतर कळले. एखाद्या समूहावर एकदा शिक्का बसला म्हणजे त्यातील एकेका माणसाचे काय होते, याचे हे दर्शन त्यांच्या आयुष्यात फार जवळून घडले.

मायदेशी परतल्यावर लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी जागा मागितली. मानसशास्त्र विभागात तीन स्त्रिया आधीच आहेत, चौथीला वाव नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात त्या शिकवू लागल्या, आणि १९७० पर्यंत त्या विद्यापीठाशी त्यांचा संबंध राहिला.

तेथेच त्यांच्या वर्गातील एका हुशार विद्यार्थ्याशी व त्याच्या मित्रमंडळींशी हूकरबाईंचा स्नेह जडला. ही मंडळी समलिंगी होती. विश्वास बसल्यावर त्या तरुणाने बाईंपुढे एक मागणी ठेवली : आमच्यासारख्यांचा शास्त्रीय अभ्यास करणे हे तुमचे कर्तव्य आहे, वैद्याकडे न जाणारे, मदत न मागणारे आम्ही कसे आहो, हे कोणीच पाहिलेले नाही. बाईंनी प्रथम ही सूचना टाळली. मित्रांची परीक्षा निःपक्षपातीपणे कशी घ्यावी, हा त्यांचा प्रश्न होता. पण जवळच बसणारे ब्रूनो क्लॉफर यांनी त्यांना हे काम अंगावर घेण्याचा आग्रह केला. शाईच्या डागांवरून मनाचा ठाव घेणाऱ्या रोर्शाख कसोटीचे ते मान्यवर पंडित होते.

हा आग्रह किती धाडसाचा होता, हे कळण्यासाठी तो काळ लक्षात घेतला पाहिजे. समलिंगी ओढीला चर्च पाप म्हणत होते, कायदा गुन्हा म्हणत होता आणि वैद्यकशास्त्र विकार म्हणत होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या विकारसूचीत तिची नोंद समाजघातकी व्यक्तिमत्त्वविकारांच्या वर्गात होती. एप्रिल १९५३ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या आदेशाने अशा मनुष्यास सरकारी नोकरीतून काढण्यास आधार मिळाला. या साऱ्यास शास्त्राचा टेकू कोणता? उपचारासाठी आलेले रुग्ण, तुरुंगातले कैदी आणि लष्कराने पकडलेले शिपाई. ज्यांच्यावर रोगी किंवा गुन्हेगार म्हणून आधीच शिक्का बसला होता, त्यांच्यावरून सर्वांचे निदान केले जात होते.

त्याच वर्षी बाईंनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे अनुदानासाठी अर्ज केला. अर्जातील विषय इतका अनपेक्षित होता की संस्थेचे एक अधिकारी बाई कशा आहेत हे पाहण्यास स्वतः लॉस एंजेलिसला आले. अनुदान मंजूर झाले. मग वय, बुद्ध्यंक व शिक्षण यांत जुळणारे तीस समलिंगी व तीस भिन्नलिंगी पुरुष त्यांनी निवडले. त्यांपैकी कोणीही मनोविकारावर उपचार घेत नव्हता. समलिंगी पुरुष मिळविण्यास मॅटाशीन सोसायटी या त्यांच्या संघटनेचे साहाय्य झाले. विशेष हे की भिन्नलिंगी पुरुष मिळविणेच अधिक जड गेले, कारण या विषयाच्या अभ्यासात आपले नाव गुंतावे असे कोणास वाटेना. विद्यापीठाच्या इमारतीत हे लोक आले असते तर चार डोळ्यांना दिसले असते आणि नोकऱ्यांस मुकले असते. म्हणून बाईंनी आपल्या घराच्या बागेतील स्वतंत्र खोलीत या मुलाखती घेतल्या.

प्रत्येकाच्या तीन कसोट्या झाल्या : रोर्शाखची, चित्रांवरून कथा रचण्याची आणि आकृत्या मांडून कथा सांगण्याची. नंतर ओळख पटविणारा सर्व मजकूर काढून टाकून ही उत्तरे तज्ज्ञांपुढे ठेवण्यात आली. रोर्शाखची उत्तरे स्वतः क्लॉफर आणि मॉर्टिमर मेयर यांनी तपासली. कथांची उत्तरे एडविन श्नाइडमन यांनी. निष्कर्ष असा निघाला की दोन्ही गटांतील सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांचे मानसिक समायोजन सर्वसाधारण किंवा त्याहून चांगले होते. पुढे रोर्शाखची उत्तरे जोडीजोडीने समोर ठेवून, यांतील समलिंगी कोण ते ओळखा, असे सांगण्यात आले. तेव्हा तज्ज्ञांचे अंदाज नाणे उडवून केलेल्या निवडीहून सरस ठरले नाहीत. आयुष्यभर ज्या विकाराची लक्षणे आपण ओळखतो अशी त्यांची खात्री होती, ती लक्षणे नाव झाकताच नाहीशी झाली.

हे संशोधन बाईंनी १९५६ साली शिकागो येथील अधिवेशनात मांडले, आणि १९५७ साली ते नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. त्यात दोष नव्हते असे नाही. साठ माणसांचा नमुना लहानच. स्त्रिया त्यात नव्हत्या. कथांच्या कसोट्यांत समलिंगी पुरुष बहुधा आपले जीवन आपल्याच कथांतून सांगून टाकीत, त्यामुळे तेथे ओळख लपत नव्हती. पुढील काळात या कसोट्यांच्या विश्वसनीयतेविषयीच शंका निघाल्या. परंतु युक्तिवादाचा गाभा यांपैकी कशानेही ढळत नाही. समलिंगी ओढ म्हणजेच विकार, असा सिद्धांत होता. तो खरा असता तर एकही निरोगी समलिंगी पुरुष सापडावयास नको होता. येथे तर त्याच तज्ज्ञांच्या, त्याच कसोट्यांनी असे अनेकजण दाखवून दिले.

१९६७ साली याच राष्ट्रीय संस्थेने या विषयावर नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद बाईंकडे आले. प्रौढांच्या खाजगी संबंधांस गुन्हा ठरविणारे कायदे रद्द करावेत, अशी शिफारस समितीने १९६९ मध्ये केली. सरकारने तो अहवाल अधिकृतपणे प्रकाशित केला १९७२ मध्ये. डिसेंबर १९७३ मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ही नोंद विकारसूचीतून वगळली. त्यामागे चळवळ करणाऱ्यांचा रेटा होता, तसा बाईंच्या आणि त्यांच्यामागून आलेल्या संशोधनाचा पुरावाही होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते तत्कालीन दंडविधानाचे कलम ३७७ घटनाबाह्य ठरविले, तेव्हा हा मनोविकार नव्हे, ही गोष्ट निकालपत्रांत नमूद झाली.

१८ नोव्हेंबर १९९६ रोजी सांता मोनिका येथे, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी हूकरबाई निवर्तल्या. त्यांनी नवे उपकरण शोधले नाही की नवा पंथ काढला नाही. रुग्णालयाच्या ओसरीवरून उठून त्या गावात गेल्या, माणसांना भेटल्या, आणि त्यांची नावे झाकून न्यायाधीशांपुढे ठेवली. शास्त्राला निःपक्षपाती म्हणवून घेण्याचा अधिकार अशाच श्रमाने मिळतो.