घड्याळातला जादा सेकंद

शहागंजातला घड्याळाचा मनोरा औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगरच्या) सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. निजामाच्या काळातला. मधली कितीतरी वर्षं त्याचे काटे थांबलेले होते, अलीकडे त्याची डागडुजी झाली. पण काटे थांबले होते तेव्हाही भाजीबाजार वेळेवर भरायचा आणि कुणाची बस चुकायची नाही, कारण हे घड्याळ बंद आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं.

हे आठवायचं कारण माझा भाचा. पुण्याला एका कंपनीत तो सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे कपाटासारख्या मांडणीत रचून ठेवलेले, रात्रंदिवस चालणारे संगणक. आपली बँक, रेल्वेचं आरक्षण, ऑनलाइन सातबारा, सगळं तिथून येतं. शेकडो सर्व्हरवर एका जागी बसून लक्ष ठेवायला वेगळं सॉफ्टवेअर असतं. भाचा म्हणाला, "मामा, आमच्याकडे प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर एक यादी येते. नोन इश्यूज." म्हणजे दोष माहीत आहे, लिहून ठेवला आहे, पण गेलेला नाही! आणि त्या यादीत वेळेचे दोष बरेच असतात म्हणे. मला इतिहासाची खोड, म्हणून मी खणत गेलो.

वेळेचा घोळ संगणकाच्या आधीचा आहे. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून सुरू झाली. त्याआधी गावोगावचा सूर्य वेगळा. आपल्या शहराचं रेखांश पाहिलं तर इथली खरी माध्यान्ह प्रमाणवेळेच्या दुपारी बारानंतर सुमारे 29 मिनिटांनी येते. मुंबईकरांनी तर हट्टाने स्वतःची 39 मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ' 1955 पर्यंत टिकवली. दोन वेळा सांभाळत लोक जगले, काही बिघडलं नाही. माणूस मनात बेरीज-वजाबाकी करतो. यंत्र करत नाही.

आता जादा सेकंदाविषयी. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाला मिळावं म्हणून आपण अधिक महिना घालतो. तसंच पृथ्वीच्या फिरण्याचा वेग किंचित कमी-जास्त होत असल्याने अणुघड्याळांच्या वेळेत अधूनमधून एक सेकंद घालतात. 1972 पासून असे 27 सेकंद घातले गेले. शेवटचा 2016 च्या 31 डिसेंबरचा. फरक इतकाच, की अधिक महिना पंचांगकर्ते कितीही वर्षं आधी सांगू शकतात. पृथ्वीची चाल मात्र गणितात नीट बसत नाही, त्यामुळे हा सेकंद जेमतेम सहा महिने आधी जाहीर होतो.

2012 साली तो 30 जूनच्या मध्यरात्री ग्रीनिचला घातला गेला. आपल्याकडे 1 जुलै, रविवार, पहाटे साडेपाच. आदल्याच दिवशी आषाढी एकादशी झालेली. इकडे घरोघर उपास सोडायची तयारी, आणि तिकडे जगभरचे सर्व्हर एकदम धापा टाकू लागले! लिनक्स नावाच्या प्रणालीत एक चूक होती. मुख्य घड्याळ एक सेकंद मागे सरकलं, पण कामांना झोपवून ठरल्या वेळी उठवणारं आतलं घड्याळ मागे सरकलंच नाही. अर्धा सेकंद थांबायचं काम लगेच उठायचं, पुन्हा झोपायचं, पुन्हा लगेच उठायचं. तापल्या माणसासारखी गत. ऑस्ट्रेलियात क्वांटास कंपनीची प्रवासी नोंदणी बंद पडली, कर्मचाऱ्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली, विमानं खोळंबली. जर्मनीतल्या हेट्झनर या सर्व्हर कंपनीने कळवलं, की त्या रात्री आमचा विजेचा वापर सुमारे एक मेगावॅटने वाढला. एका सेकंदापायी!

आणि उपाय काय, तर घड्याळाला पुन्हा तीच वेळ सांगायची. बस्स. जी वेळ दाखवतंय तीच नव्याने लावली की आतलं घड्याळही ताळ्यावर यायचं. 2008 अखेरच्या जादा सेकंदालाही काही लिनक्स यंत्रं गोठली होती. म्हणून यावेळी काही सावध मंडळींनी वेळ जुळवणारी सेवा आधीच बंद करून ठेवली होती. बाकीच्यांनी रविवार कपाटांपुढे काढला. शेवटी नोव्हेंबर 2022 मध्ये जगभरच्या वजन-मापवाल्यांनी ठरवलं, की 2035 पर्यंत ही जादा सेकंदाची पद्धत मोडीत काढायची.

असो. पण मोजणी संपण्याचा दोष वेगळा, आणि मला तो जास्त अस्वस्थ करतो. 2019 मध्ये एचपीई कंपनीने कळवलं, की आमच्या काही साठवण-चकत्या 32,768 तास चालल्या की कायमच्या मरतील, आतली माहितीही जाईल. म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस, 8 तास. तास मोजणाऱ्या कप्प्यात त्याहून मोठा आकडा मावत नव्हता. एकाच दिवशी बसवलेल्या चकत्या जवळजवळ एकाच वेळी जाणार, म्हणजे एकीवरून दुसरी वाचवण्याची सोयही संपली. सूचना वाचून दुरुस्ती करणारे वाचले.

जुने बरेचसे संगणक 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतात, आणि त्यांच्या कप्प्यात 2 अब्ज 14 कोटी 74 लाख 83 हजार 647 इतकेच मावतात. तो आकडा 19 जानेवारी 2038, मंगळवारी, सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला त्या यंत्रांच्या लेखी डिसेंबर 1901 उजाडेल. तेव्हा भारतीय प्रमाणवेळसुद्धा जन्मलेली नव्हती! वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते आताच त्या तारखेच्या पलीकडे जातात, म्हणून बँकांना तिथे आधीच पोहोचावं लागलं आहे. लिनक्सच्या 2020 च्या आवृत्तीत जुन्या यंत्रांसाठीही मोठा कप्पा केला गेला.

"मग काळजी कसली?" मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "सर्व्हरची नाही, मामा. तिथं आम्ही बसलेलो असतो. पण लिफ्टच्या डब्यात, पाण्याच्या पंपावर, दवाखान्यातल्या यंत्रात पंधरा-वीस वर्षं जुनी चिप बसलेली असते, बनवणारी कंपनीही बंद पडलेली. त्यांची यादी कोण करणार?"

आमच्या गल्लीत सहा लिफ्ट आहेत. उद्यापासून वॉचमनना विचारायला लागणार आहे, कुठली कधी बसवली ते.