अवटु संप्रेरके

अवटु संप्रेरके : मानेच्या पुढील भागातील अवटु ग्रंथीत (थायरॉइड) आयोडिनाच्या साहाय्याने तयार होणारी, चयापचयाचा वेग ठरवणारी संप्रेरके (पहा : आयोडीन, गलगंड). थायरॉक्सिन (टी-४) ई. सी. केंडल यांनी १९१४ मध्ये वेगळे केले; ट्रायआयोडोथायरोनिनचा (टी-३) शोध १९५२ मध्ये जॅक ग्रॉस व रोझालिंड पिट-रिव्हर्स यांनी लावला. ग्रंथी मुख्यत्वे टी-४ स्रवते. यकृत, मूत्रपिंड इत्यादी ऊतकांत त्यातील एक आयोडीन अणू निघून टी-३ बनते आणि पेशीकेंद्रात प्रत्यक्ष काम प्रामुख्याने तेच करते. हृदयाचे ठोके, शरीरातील उष्णता, गर्भाच्या मेंदूची वाढ यांवर त्याचा परिणाम होतो.

मग ही संप्रेरके कमी पडल्यास उपचारात थेट टी-३ च का देऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. परंतु टी-४ चा अर्धायुकाल सुमारे ७ दिवस, तर टी-३ चा जेमतेम १ दिवस. गोळीनंतर टी-३ ची पातळी झपाट्याने चढते व उतरते, त्यातून छातीत धडधड संभवते. म्हणून सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी घेतलेले लेव्होथायरॉक्सिन (कृत्रिम टी-४) हाच पहिला उपचार. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर ४ तासांनी. टीएसएच (अवटु-उद्दीपक संप्रेरक) प्रमाणात येऊनही काही रुग्णांचा थकवा टिकतो आणि ही तक्रार खरी मानलीच पाहिजे. तथापि दोन्ही संप्रेरके एकत्र दिलेल्या चाचण्यांत सातत्याने अधिक लाभ दिसलेला नाही. गरोदरपणी तर टी-३ टाळावे, कारण गर्भाच्या मेंदूला आईचे टी-४ लागते. (पहा : अंतःस्रावी ग्रंथी).