न पाहिलेल्या विमानाची प्रतिकृती

दिवाळीत अंगणात किल्ला रचणारी मुले रायगडाचा नकाशा मागायला कोणाकडे जात नाहीत. चार दगड, गोणपाट, लाल माती आणि मूठभर हाळीव एवढ्यावर त्यांचा गड उभा राहतो, आणि खऱ्या गडाशी तो किती जुळतो याची उठाठेव कोणी करीत नाही. विमानांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडणाऱ्यांचा पंथ मात्र याच्या अगदी उलट. पंखाची रुंदी सुताइतकी चुकली तरी या मंडळींना अन्न गोड लागत नाही. अशा काटेकोर पंथातल्याच एका माणसाने, जगाने कधी न पाहिलेल्या लढाऊ जेट विमानाची प्रतिकृती बाजारात आणली, आणि तिची चर्चा थेट अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये झाली. तिची ही हकिगत.

हा छंद तसा फार जुना नव्हे. इंग्लंडात १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे विमान-संच निघाले. प्रमाण बहात्तरास एक. म्हणजे खऱ्यातले सहा फूट ते प्रतिकृतीतला एक इंच. सहा फुटी वैमानिक बरोबर बोटाच्या पेराएवढा होतो! फूट-इंचांच्या देशात हा हिशेब इतका सोयीचा पडला, की दुसऱ्या महायुद्धात सरकारनेही तोच उचलला. तोफेपाशी उभ्या असलेल्या शिपायाला डोक्यावरचे विमान आपले की शत्रूचे हे क्षणार्धात ओळखावे लागे. चुकला तर आपलाच माणूस आपल्या हातून मरायचा. म्हणून १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने शाळाशाळांतून लाकडी प्रतिकृती करून मागवल्या. मागणी थोडीथोडकी नव्हे, पाच लाखांची होती. मुलांनी रंधून, घासून, काळ्या रंगात रंगवून त्या धाडल्या, आणि शिपायांनी त्यांवर नजर बसवली. मुलांच्या हातचे खेळणे आणि सैन्याचे काम यांची सोयरीक अशी पहिल्यापासूनची आहे.

युद्धानंतर लाकूड मागे पडले आणि पॉलिस्टायरीन आले. पोलादी साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरायचे, की पंख, शेपटी, चाके सारे एका चौकटीला लटकलेले बाहेर पडते. जोडणाऱ्याने ते सोडवायचे, कडा घासायच्या, डिंकाऐवजी द्रावक लावायचे. द्रावकाने प्लॅस्टिक विरघळते आणि दोन तुकडे एकजीव होतात. जेट विमानात आणखी एक खुबी असते. खऱ्या विमानाचे नाक यंत्रांनी भरलेले, प्रतिकृतीचे पोकळ. त्यामुळे पुष्कळ जेट प्रतिकृती चाकांवर ठेवताच शेपटीवर बसतात. जाणता माणूस नाक मिटवण्याआधी आत शिशाच्या गोळ्या चिकटवतो. नवखा दुसऱ्या विमानाच्या वेळी शिकतो.

आता मूळ गोष्टीकडे वळू. ‘टेस्टर्स’ ही अमेरिकेतली रंग आणि प्रतिकृती विकणारी कंपनी; तिच्याकडे जॉन अँड्र्यूज नावाचे आराखडे करणारे गृहस्थ होते. रडारला न दिसणारे विमान अमेरिका गुपचूप बनवते आहे, ही कुणकुण विमानशौकिनांत पसरली होती. त्यातच लढाऊ विमानांच्या क्रमांकांत एक खिंडार दिसत होते. एफ-१८ नंतर एकदम एफ-२०. मधला एकोणीस गेला कुठे? लोकांनी तर्क केला, की तोच हा गुप्त पक्षी. (तो तर्क चुकीचा होता, पण त्यावाचून ही गोष्टच घडली नसती.)

अँड्र्यूज यांनी छापील माहिती जमवली आणि स्वतःला विचारले, रडारची लहर अंगावरून निसटून जायची तर विमान कसे हवे? उत्तर आले, गुळगुळीत, गोलाईचे, माशासारखे. कोपरा म्हणून नको. शेपटीचे दोन्ही पंख आत झुकलेले. १९८६ मध्ये ‘एफ-१९’ नावाने हा काळा संच दुकानांत आला आणि त्याचा खप धडाक्याने झाला.

वर्षही असे नेमके निवडलेले! त्याच वर्षी ११ जुलैच्या रात्री कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या डोंगरात एक विमान कोसळून वैमानिक ठार झाला. सैन्याने तो मुलूख वेढून टाकला, आणि विमान कोणते हे कोणी सांगेना. त्याच वर्षी लॉकहीड कंपनीतून गोपनीय कागद गहाळ होतात अशी चौकशी काँग्रेसच्या समितीपुढे चालू होती, आणि तिथे या खेळण्याचा विषय निघाला. प्रतिनिधींना जे पाहायला परवानगी नाही, ते पोरांना दुकानात कसे मिळते? प्रश्न बिनतोड वाटतो. पण गुप्त गोष्ट कोणी फोडली नव्हती. एका माणसाने फक्त विचार केला होता. विचार करण्यावर कोणता शिक्का मारणार?

तिकडे नेवाडाच्या वाळवंटात टोनोपा येथे खरे विमान रात्रीच्या अंधारातच उडत होते. वैमानिक सोमवारी घर सोडत, शुक्रवारी परतत. नवरा कोणते विमान चालवतो हे बायकोलाही ठाऊक नसे. मला या कथेत कीव येते ती त्या घरांची. शेजारच्या पोराच्या टेबलावर काळे विमान सुकत ठेवलेले, आणि घरच्या माणसाला त्याकडे पाहून हसण्याचीही मुभा नाही!

१० नोव्हेंबर १९८८ रोजी सरकारने एक धूसर छायाचित्र प्रसिद्ध केले. विमानाचे नाव एफ-११७. एफ-१९ शी त्याचे काळ्या रंगापलीकडे फारसे साम्य नव्हते. गोलाई नावालाही नाही. हिऱ्याला पैलू पाडावेत तसे सारे अंग सपाट, तिरप्या पत्र्यांचे, आणि शेपटीचे पंख बाहेर झुकलेले. कारण मोठे मौजेचे आहे. प्योतर उफिम्त्सेव या रशियन शास्त्रज्ञाने कडांवरून लहरी कशा विखुरतात याचे गणित १९६२ मध्ये मॉस्कोत उघडपणे छापले होते. लॉकहीडच्या डेनिस ओव्हरहोल्सर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर वाचून त्यावर हिशेब बांधला. पण १९७० च्या दशकातल्या संगणकांना सपाट पृष्ठांचेच गणित झेपे, वळणांचे नव्हे. म्हणून विमान पैलूदार झाले. अँड्र्यूज यांचा तर्क शास्त्राला सोडून नव्हता. त्या काळच्या संगणकाची कुवत मात्र त्यांच्या हिशेबात नव्हती. पुढे संगणक सुधारले, आणि बी-२ हे बॉम्बफेकी विमान सबंध गोलाईचेच झाले.

या गोष्टीला एक शेपूट आहे. एफ-१९ खपल्यावर टेस्टर्सने १९८७ मध्ये जोडीला सोव्हिएत रशियाचे एक काल्पनिक अदृश्य विमान काढले, ‘मिग-३७’. रशियन म्हटल्यावर ते ओबडधोबड हवे, म्हणून त्याचे अंग सपाट पत्र्यांचे आणि कोनांचे केले. वर्षभराने खऱ्या विमानाचे छायाचित्र आले, तेव्हा अमेरिकेच्या गुप्त विमानाशी जास्त जुळले ते हे रशियन सोंगच.