क्रोमचा डायनासोर गेम: ‘अजून एकदा’ असं का वाटतं?

नेट गेलं की क्रोममध्ये एक छोटा करडा डायनासोर दिसतो. त्याला टॅप केलं की तो धावायला लागतो. ना डाउनलोड, ना लॉगिन, ना लेव्हल. तरी एकदा सुरू केला की पंधरा-वीस मिनिटं कुठे जातात कळत नाही. असं का होतं, ते या लेखात बघूया.

हा गेम आला कुठून?

गुगलच्या क्रोम टीमने हा गेम 2014 मध्ये आणला. कल्पना गमतीची होती: इंटरनेट नाही म्हणजे आपण थेट डायनासोरच्या काळात परत गेलो! 2018 मध्ये गुगलने सांगितलं की हा गेम महिन्याला 27 कोटी वेळा खेळला जातो आणि जिथे मोबाइल डेटा महाग किंवा बेभरवशाचा आहे, अशा देशांत तो जास्त चालतो. त्या देशांच्या यादीत भारताचंही नाव होतं.

वेग वाढतो, पण किती?

खरी मजा इथे आहे. क्रोमियमचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. त्यात कंप्युटरवरच्या गेमचा सुरुवातीचा वेग दर फ्रेमला 6 पिक्सेल आहे. तो हळूहळू वाढत जातो आणि 13 वर थांबतो. स्क्रीन सेकंदाला 60 फ्रेम दाखवत असेल, तर साधारण दोन मिनिटांत हा कमाल वेग येतो. त्यापुढे गेम आणखी वेगवान होत नाही.

आता हिशोब करा. गेमचा पट्टा 600 पिक्सेल रुंद असतो. सुरुवातीला निवडुंग दिसल्यापासून डायनासोरपर्यंत पोहोचायला साधारण दीड सेकंद लागतो. कमाल वेगाला उरतो सुमारे 0.7 सेकंद. डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे वेळ कमी असतो, पण पुरेसा असतो.

म्हणूनच आउट झाल्यावर ‘गेम फालतू आहे’ असं वाटत नाही. ‘मीच उशिरा उडी मारली’ असं वाटतं. चूक आपली आणि ती सुधारता येण्यासारखी! त्यात पुन्हा सुरू करायला एक टॅप पुरतो. विचार करायला, फोन खाली ठेवायला मध्ये जागाच राहत नाही.

छोटी छोटी बक्षिसं

दर 100 पॉइंटला ‘टिंग’ असा आवाज येतो. 700 ला दिवसाची रात्र होते. वेग वाढला की उडणारे टेरोडॅक्टिल येतात. शिवाय कोपऱ्यात तुमचा हाय स्कोअर कायम डोळ्यांसमोर असतो. फ्लॅपी बर्डसारखे गेमही याच सूत्रावर चालले: एकच बटण, झटपट आउट, लगेच पुन्हा सुरू.

मग थांबायचं कधी?

या गेमला शेवट नाही. बनवणाऱ्यांनी गमतीने म्हटलं होतं की तो साधारण 1 कोटी 70 लाख वर्षं चालेल! शाळा आणि ऑफिसमध्ये लोक खेळतच बसायला लागले, तेव्हा अ‍ॅडमिनला तो बंद करण्याची सोय द्यावी लागली. म्हणजे थांबण्याची जागा आपणच ठरवायची.

- ‘रेकॉर्ड मोडला की थांबतो’ असं ठरवू नका. रेकॉर्ड मोडला की नवा तयारच असतो.
- त्याऐवजी ‘पाच वेळा आउट झालो की बंद’ असं ठरवा. हे नक्की पूर्ण होतं.
- परीक्षेच्या दिवसांत ‘दोन मिनिटांचा ब्रेक’ म्हणून खेळत असाल तर आधी टायमर लावा.
- तसाच दिसणारा गेम एखाद्या वेबसाइटवर असेल आणि ती नोटिफिकेशनची परवानगी किंवा अ‍ॅप इन्स्टॉल करायला मागत असेल, तर सरळ बाहेर पडा. क्रोममधल्या मूळ गेमला यातलं काहीच लागत नाही.

खेळून बघायचा असेल तर एअरप्लेन मोड ऑन करा, क्रोममध्ये कुठलंही पेज उघडा आणि डायनासोरला टॅप करा. डेटा शून्य, खर्च शून्य. लागतो तो फक्त तुमचा वेळ, तेवढा मोजून द्या.