वाकलेली कंबर आणि मनाची दारे: कंबरदुखीचा इतिहास

१/ पावसाळ्यात चामोर्शी तालुक्यातील धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. चिखलात उभ्या राहून, कंबरेत वाकून स्त्रिया दिवसभर पऱ्हे रोवतात. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता, तेही वाकूनच. येथील कंबरदुखी या कष्टात सुरू होते. पण ती वर्षानुवर्षे का टिकते? #थ्रेड

२/ प्रश्न जुना आहे. कंबरेपासून पायात उतरणाऱ्या वेदनेला चरकसंहितेने ‘गृध्रसी’ म्हटले व वातव्याधींत गणले. महाराष्ट्रातील खेड्यांत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावण्याची रीत होती.

३/ १९३४ साली बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवले की मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतू दाबला जातो. शोध खरा होता. परंतु पुढे बहुतेक कंबरदुखीचे खापर चकतीवरच फुटू लागले.

४/ १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या चकतीतील दाब मोजला. सरळ उभे राहण्यापेक्षा पुढे वाकल्यावर तो सुमारे दीडपट भरला. रोवणीचा भार असा आकड्यात दिसतो.

५/ १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी ‘द्वार सिद्धांत’ मांडला: वेदनेचे संदेश पाठीच्या कण्यातील जणू एका दारातून जातात आणि ते दार किती उघडायचे यात मेंदूचाही वाटा असतो.

६/ १९८७ मध्ये स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक गॉर्डन वॅडेल यांनी हा विचार कंबरदुखीला लावला. शरीर, मन आणि समाज एकत्र पाहा. दीर्घ विश्रांती अपंगत्व वाढवते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

७/ १९९४ मध्ये कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला गेला. ५२ टक्क्यांच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला! चित्रातील दोष म्हणजे वेदना नव्हे.

८/ २००० साली व्लायेन आणि लिंटन यांनी भीतीचे चक्र स्पष्ट केले. दुखेल या धास्तीने हालचाल टाळली जाते, शरीर दुबळे होते, मन खचते आणि दुखणे मुरते.

९/ गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मुंबईचे मणकेतज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज यांच्यासह गावांतील कंबरदुखीचा अभ्यास केला आणि हा ग्रामीण सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे मांडले.

१०/ मनाचा वाटा आहे म्हणजे वेदना खोटी नव्हे. हाड मोडणे, जंतुसंसर्ग अशी गंभीर कारणे वगळली, तर झेपेल तितकी हालचाल हितकारक. मात्र रोवणीच्या मजूर स्त्रीची भीती केवळ दुखण्याची नसते, बुडणाऱ्या मजुरीचीही असते. ती भीती गोळीने जात नाही. मराठीत उमेद हरलेल्याची ‘कंबर खचते’. विज्ञान त्या वाक्प्रचाराच्या जवळ फार उशिरा पोहोचले.