सा सरकतो तेव्हा

पेटीवर सा, ग, प एकत्र दाबा. सूर छान स्थिर बसतो. आता त्यात वरचा कोमल नी मिसळा. लगेच कान मध्यमाकडे ओढ घेतो. हा सेव्हन्थ कॉर्ड. त्या मध्यमालाच नवा सा मानला, तर जुन्या सप्तकातला एकच स्वर बदलावा लागतो: शुद्ध नीचा कोमल. म्हणून या दोन पट्ट्या एकमेकींच्या सख्ख्या शेजारणी. एकीतून दुसरीत जाणं म्हणजे मॉड्युलेशन.

तानपुरा लावून गाणाऱ्याला हे कसं चालेल? तिथे सा हलला की रागच हलला.

पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलं नोटेशन शिकत, प्रार्थनेच्या गाण्यांसाठी. पुढे त्याच विद्येवर अनेकांनी मुंबईच्या स्टुडिओंत पोट भरलं. संगीतकार चाल बांधत, गोवेकर अरेंजर तिच्याखाली व्हायोलिन-चेलोंच्या ओळी लिहीत. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतला तो भरजरी वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझांच्या हातचा. पडद्यावर नाव आलंच तर सहायक म्हणून! (चाल लक्षात राहते, कॉर्ड कोण गुणगुणतो?)

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांना मात्र राग आणि हार्मनी एकाच कागदावर हवे होते. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण अशा मोठ्या वाद्यवृंदाचा खर्च सिनेमाबाहेर कोण उचलणार?

प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचं अख्खं नाव आलं. सगळ्यांना वाटलं, ते अमिताभच्या पात्राचं.